उपरण्यात बांधलेलं ऊन

सोलापूरच्या माणसाला तुम्ही तापट म्हणा, त्याच्या मराठीत कानडी सांडलंय म्हणा, तो हसेल आणि वर चहा पाजेल. पण त्याच्या उन्हाला नाव ठेवू नका. ते त्याचं वडिलोपार्जित आहे. वैशाखात भर दुपारी रस्त्यावरचं डांबर चपलेला धरून ठेवतं, 'बस की जरा, कुटं निघालास' म्हणतं, आणि त्या डांबरावर उभा राहून आमचा माणूस परगावच्या पाहुण्याला सांगतो, "यंदा ऊन कमीच हाय."

हेच वाक्य मी बोललो आणि पुढचं सगळं घडलं.

त्या साली आमच्या मैत्री मंडळाकडे रशियातल्या एका कापडगिरणीचे चार पाहुणे आले होते. मंडळाचा चिटणीस मी. शाळेत मराठी शिकवणाऱ्या माणसाला गावातली सगळी मंडळं चिटणीस करतात, कारण त्याचं अक्षर बरं असतं आणि त्याला नाही म्हणता येत नाही. अध्यक्ष सिद्रामप्पा, चादरींचे व्यापारी. मांडव उघड्या मैदानात, महिना मे, आणि स्वागताचं भाषण माझं. पाहुण्यांचा पुढारी निकोलाय, सागवानी खांबासारखा माणूस, माझं भाषण ऐकता ऐकता खांबासारखाच आडवा झाला. तो भाषणामुळे पडला असं काही मत्सरी लोक अजून म्हणतात. सिद्रामप्पांनी खांद्यावरच्या उपरण्यानं वारा घातला. तालमीचे वस्ताद मायाप्पा यांनी कांदा फोडून त्याच्या नाकाला लावला. त्यानं डोळे उघडले तेव्हा मी वाकून, अगदी मायेनं म्हटलं, "यंदा ऊन कमीच आहे."

दुभाषीण ल्युबा हिंदी शिकलेली होती. तिनं ते त्याला सांगितलं. निकोलायनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. कांद्यानं डोळ्यांत पाणी आलं होतं, पण त्या पाण्याच्या मागे मला काहीतरी दिसलं. दिवाळीत ते आमंत्रण होऊन आलं. 'माघात तुम्ही चौघांनी आमच्या गावी यावं.'

आता चौघे म्हणजे सिद्रामप्पा, मायाप्पा वस्ताद, मी, आणि खजिनदार नागनाथ. नागनाथ टेलिफोन कचेरीत कारकून. धम्माचा अभ्यास करणारा, रोज पहाटे डोळे मिटून बसणारा, शांत माणूस. चौघांपैकी कुणीही पुण्यापलीकडे गेलेलं नव्हतं.

पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आमच्या आळीत आला आणि त्यानं नेमकं गोजरबाईंना गाठलं. गोजरबाई आमच्या शेजारी. गल्लीतल्या भांड्यांचे पोचेसुद्धा त्यांना पाठ.

"ह्यो मास्तर कसा मानूस हाय?" हवालदारानं विचारलं.

"गरीब हाय," गोजरबाई म्हणाल्या. "पर घोरतोय लई. परदेशात लोकांस्नी झोप लागायची न्हाय. तेवढं लिवून घ्या."

मायाप्पांचं घोडं कचेरीत अडलं. धंदा काय, तर वस्तादकी. साहेबाला तसा धंदा कुठेच सापडेना. त्यानं विचारलं, "तिथे जाऊन कुणाशी कुस्ती करणार आहात?" मायाप्पा खरं बोलणारा माणूस. म्हणाले, "तितं गेल्यावर बघू की. आदीच कसं सांगावं?" त्या एका उत्तरापायी आम्ही चौघांनी मुंबईला दोन खेपा घातल्या.

आणि सल्ले. हिमात नाक गळून पडतं, हे आळीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. गोजरबाईंनी नाकासाठी लोकरीची पिशवी विणून दिली. कुणी म्हणालं छातीला मोहरीचं तेल, कुणी म्हणालं कडक भाकरी आणि शेंगांची चटणी, दुसरं काही तोंडात घालू नका. मायाप्पांनी मात्र सराव काढला. त्यांच्या ओळखीच्या माणसाचा बर्फाचा कारखाना होता. पंधरवडाभर आम्ही चौघे संध्याकाळी तिथे लाद्यांच्या मधोमध चादरी पांघरून बसत होतो. सिद्रामप्पांनी दुकानातल्या जाड चादरी काढल्या होत्या. नागनाथ डोळे मिटून बसे. माझे दात वाजत आणि मायाप्पा त्या तालावर डोलत. पंधरवड्याच्या शेवटी चौघांना पडसं झालं, पण थंडीची भीती मेली. आता हिमानं यावं आणि बघावं.

स्टेशनवर निम्मं सोलापूर आलं होतं. सिद्रामप्पांच्या पत्नी नागम्मा गर्दीतून पुढे आल्या. नवऱ्याचं उपरणं त्यांनी हातात घेतलं, त्याच्या शेवाला, म्हणजे टोकाला, कसली तरी गाठ मारली आणि जात्यावर म्हणावी तशी हळूच ओवी म्हटली:

माझ्या कुंकवाचा धनी
गेला हिमाच्या देशाला
ऊन बांधून दिलं मी
उपरण्याच्या शेवाला

मग त्या माझ्याकडे वळल्या. "ह्ये लई हट्टी हायती, गुरुजी. बसा म्हटलं की उठत्यात, उठा म्हटलं की बसत्यात. तुमी संगं हाव म्हणून धाडतीय. जसं नेताव, तसं आणा."

मी मान हलवली. गाडी सुटताना माणूस कशालाही मान हलवतो. पण ती मान पुढे माझ्या मानेवर बसली.

त्या गावाचं नाव आमच्यापैकी कुणालाच धड म्हणता आलं नाही. सिद्रामप्पा त्याला नुसतं 'ते' म्हणत. हिम खरंच होतं. झाडांच्या फांद्यांवर पिंजलेला कापूस ठेवावा तसं. आमची नाकं जागेवर राहिली. निकोलाय स्टेशनवर आला होता. त्यानं आम्हा चौघांना एकेक करून छातीशी धरलं, माझ्या पाठीवर थाप मारली आणि ल्युबाला काहीतरी सांगितलं.

"म्हणतायत," ल्युबा आपल्या शुद्ध हिंदीत म्हणाली, "तुम्ही उन्हाच्या गावचे. उद्या आमचं ऊन बघा."

त्या रात्री चौघांना झोप आली नाही. मायाप्पा म्हणाले, "हे आव्हान हाय." सिद्रामप्पा म्हणाले, "हाय तर हाय. ऊनच की." मी गोजरबाईंच्या भविष्याला जागून घोरलो असतो, पण मला निकोलायचे कांद्यातून पाहणारे डोळे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला गावाबाहेर नेलं. बर्फात रुतलेलं एक लाकडी घर, धुराड्यातून धूर. ल्युबा म्हणाली की हे बाष्पस्नान, पुरुषांचं, ती बाहेर थांबेल. म्हणजे आत चार सोलापूरकर, चार रशियन आणि भाषा एकही नाही.

दाराशी एक म्हातारा सेवक होता. अंगावरचं धातूचं सगळं काढा, अशी त्यानं खूण केली, आणि बोटाला चटका बसल्यासारखं करून दाखवलं. मी घड्याळ काढलं, अंगठी काढली, चष्मा काढला. चष्मा काढला की माझं निम्मं शौर्य खुंटीवर राहतं. कपड्यांचं विचाराल तर मायाप्पा लंगोटावर, नागनाथ पंचावर, आणि मी पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर, जी फक्त घरच्यांनी पाहावी या हिशेबानं शिवलेली होती. सिद्रामप्पा आपल्याच दुकानच्या टॉवेलात, खांद्यावर उपरणं. आणि गळ्यात शिवदोऱ्यात ओवलेली चांदीची डबी.

म्हाताऱ्यानं डबीकडे बोट दाखवलं.

सिद्रामप्पांनी तिच्यावर तळहात ठेवला. "हे न्हाय निघायचं."

त्या डबीत त्यांचं इष्टलिंग. जन्मल्यावर बाळाच्या गळ्यात येतं ते माणसाबरोबर मातीत जातं. आंघोळीत नाही, झोपेत नाही, आजारात नाही, देहापासून वेगळं करायचं नाही. आमच्याकडे हे कुणाला सांगावं लागत नाही. तिथे कुणाला सांगता येत नव्हतं. म्हाताऱ्यानं खांदे उडवले. सिद्रामप्पांनी उपरणं बादलीत भिजवलं, छातीवर घेतलं, आणि आम्ही आत गेलो.

आत अंधूक उजेड, लाकडी पायऱ्यांची बाकं, कोपऱ्यात तापलेले दगड. आठही जण बसलो. समोरासमोर, पंगतीला बसावं तसे. निकोलायनं हसून दगडांवर पळीभर पाणी टाकलं. चर्र आवाज झाला आणि वाफेचा एक हत्ती उठून आमच्या अंगावर बसला.

आमचं ऊन डोक्यावरून येतं. वडीलधाऱ्यासारखं वरून रागावतं. सावलीत गेलं की सोडून देतं. हे ऊन नाकातून शिरून आतून भिंती सारवत होतं. ह्याला सावलीच नव्हती.

"कसं काय, वस्ताद?" सिद्रामप्पांनी पुढे बघत विचारलं.

"चैतातलं हाय," मायाप्पा म्हणाले. "वैशाख अजून लांब हाय."

तेवढ्यात त्यांच्यातल्या एकानं पानांची ओली जुडी उचलली आणि मायाप्पांच्या पाठीवर सपासप मारायला सुरुवात केली. तो त्यांचा पाहुणचार होता. मायाप्पांना तो डाव वाटला. त्यांनी दुसरी जुडी उचलली आणि व्याजासकट परत केला. तो रशियन आनंदानं हुंदके द्यायला लागला. आम्ही तीच पहिली फेरी आपली धरली.

पण निकोलाय पुन्हा पळी भरत होता. दर वेळी टाकण्याआधी तो माझ्याकडे बघे आणि भुवया उंचावे. मी मान हलवे. दुसरं काय करणार? 'यंदा ऊन कमीच आहे' हे माझंच वाक्य. ते आता पळीपळीनं मला परत मिळत होतं.

"गुरुजी," शेजारून नागनाथचा आवाज आला. "मी श्वासाकडं लक्ष देऊन बसलोय."

"मग?"

"श्वास म्हणतोय, बाहेर जाऊ."

"त्याला म्हणावं, थांब."

"तो ऐकणारा वाटत न्हाय."

पण तो बसून राहिला. चौघेही बसून राहिलो. कारण कुणीही न ठरवता एक गोष्ट ठरली होती. जो आधी उठेल त्याच्या बाजूचं गाव हरलं. आणि पंगतीतून वडीलधारं माणूस उठल्याशिवाय आपण उठायचं नाही, हे तर आमच्या हाडात मुरलेलं. आमचे वडीलधारे सिद्रामप्पा. ते उठले तर आम्ही सुटलो.

म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं.

चष्म्याशिवायही मला दिसलं. छातीवरचं उपरणं तापून केव्हाच बाजूला सरकलं होतं. चांदीची डबी वाफेत चमकत होती, आणि ती जिथे टेकत होती तिथली कातडी कुंकवासारखी लाल झाली होती. एक गोल. सिद्रामप्पांचे ओठ हलत होते.

सोलापूरची अब्रू, माझं वाक्य, निकोलायच्या भुवया, सगळं एका बाजूला झालं, आणि दुसऱ्या बाजूला तो लाल गोल उरला.

"अण्णा," मी सिद्रामप्पांना हळू म्हटलं, "सोसतंय ना?"

"न सोसायला काय झालं? ऊनच की."

निकोलायनं पळी टाकली. चर्र.

सिद्रामप्पांनी सावकाश डबी छातीवरून उचलली. शिवदोरा गळ्यातच. डावा हात छातीसमोर धरला, त्यावर उपरण्याची गाठीची बाजू घेतली, आणि डबी तळहातावर ठेवली. रोज सकाळी पूजेला बसतात तसंच. मग डोळे मिटले. समोरचे रशियन कौतुकानं बघू लागले. त्यांना वाटलं असावं, हा म्हातारा आता कुठे रमला.

मला मात्र दिसत होतं की बोटं मिटत होती, उघडत होती. सुती उपरणं ते. चांदीच्या धगीला ते काय अडवणार? आणि हा माणूस डबी खाली ठेवणार नव्हता. लाकडावर नाही, माझ्या हातात नाही, कुठेच नाही. तो उठणारही नव्हता.

उठा म्हणावं तर? तोंड उघडलं आणि नागम्मा आठवल्या. उठा म्हटलं की बसत्यात. माझ्या सांगण्यानं ते आणखी तासभर रुतले असते. मायाप्पांना खुणावलं, तर ते कानात म्हणाले, "चितपट झाल्याबिगर आखाडा सोडायचा न्हाय." नागनाथला खुणावलं, तर त्याचे डोळे मिटलेले. तो त्याच्या श्वासाची समजूत घालत होता.

मग उरलो मी.

पंगत मोडायची तर कुणीतरी मोडायची. मोडणाऱ्याला सोलापुरात कायमचं नाव लागतं. आमच्या गावात नाव ठेवायला पैसे पडत नाहीत, आणि ठेवलेलं नाव माणसाच्या आधी घरी पोचतं. मी मनातल्या मनात शाळेचा वर्ग पाहिला, गोजरबाईंचा ओटा पाहिला, कोपऱ्यावरचा पानवाला पाहिला. निकोलायचा हात पुन्हा बादलीकडे गेला. पळी भरली.

मी उभा राहिलो. पट्ट्यांच्या चड्डीत, जितक्या प्रतिष्ठेनं राहता येईल तितक्या.

"मला सोसत नाही," मी मोठ्यानं म्हटलं. मराठीत म्हटलं, पण ते कुणालाही कळलं असतं.

निकोलायच्या हातातली पळी गळून पडली आणि तो ओरडत दाराकडे धावला. त्याच्यामागे त्याचे तिघे. चौघेही दारातून सरळ बर्फात कोसळले आणि सुटलेल्या वासरांसारखे लोळू लागले. मायाप्पा "आरं हे पळाले की" म्हणत त्यांच्यामागे. नागनाथचा श्वास त्याला घेऊन बाहेर आला. मी सिद्रामप्पांच्या कोपराला हात दिला. त्यांनी तो झटकला नाही. बाहेर येऊन त्यांनी डावा हात बर्फात खुपसला आणि बराच वेळ तसाच ठेवला. डबी उजव्या हातात, छातीशी.

"थंडी बरी हाय," एवढंच म्हणाले.

निकोलायनं मला मिठी मारली. दोन्ही गालांचे मुके घेतले. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, या वेळी कांद्याशिवाय. ल्युबानं मागाहून उलगडा केला. त्यांच्याकडे पाहुणा उठल्याखेरीज यजमान उठत नाही. चौघेही अर्धमेले झाले होते. पळीनं पाणी टाकत होते ते आम्हाला थंडी वाजू नये म्हणून. उन्हाच्या गावची माणसं, त्यांना एवढ्यानं काय होणार, असं त्यांना वाटत होतं. आव्हान वगैरे काही नव्हतंच. "हे म्हणतायत," ल्युबा म्हणाली, "या गृहस्थांनी आमचा जीव वाचवला." त्या संध्याकाळी मला केसाळ टोपी बक्षीस मिळाली. त्या गावात माझं नाव अजून आदरानं घेत असतील. त्यांनाही ते म्हणता येत नव्हतं, ती गोष्ट निराळी.

सोलापुरात मात्र बातमी आमच्या आधी उतरली. गुरुजी उठले. उन्हातून उठले. रशियातल्या उन्हातून.

सिद्रामप्पा दुकानात बसून गिऱ्हाइकाला सांगत, "मी बसलो असतो की अजून. वस्ताद बसले असते. नागनाथाला तर उठवावंच लागलं असतं. पर गुरुजी उठले, पंगत मोडली." माझ्या देखत सांगत. सांगून झालं की पोऱ्याला ओरडत, "गुरुजींना पैला चहा दे रे." खरं बोलून टाकावं असं दहादा ओठांवर आलं. पण तो लाल गोल त्यांचा होता. चारचौघांत उघडा करायचा माझा काय अधिकार?

वर्गात टेबलावर कांदा येऊ लागला. पानवाला विचारी, "गुरुजी, सावलीत बसता का?" गोजरबाई तर म्हणाल्या, "मी सांगत हुते, नाकाची पिशवी डोस्क्याला बांधा." घरी बायकोनं दोन महिने कंदील माझ्यापासून लांब ठेवला. गमतीनं, म्हणाली.

चैत्र सरला. एका सकाळी मंडळाच्या हिशेबासाठी सिद्रामप्पांकडे जायला निघालो. मनात पक्कं केलं होतं, आज विचारायचंच. आपण दोघेच असू, स्पष्ट विचारायचं, अण्णा, माझी एवढी शोभा का करता?

दार उघडंच होतं. आतल्या खोलीत सिद्रामप्पा पूजेला बसलेले, पाठमोरे. जात्याची घरघर येत होती. नागम्मा डाळ भरडत होत्या. त्यांनी मला पाहिलं नाही. मी उंबऱ्याशी थांबलो, कारण त्यांची ओवी सुरू होती आणि ओवीच्या मध्ये पाऊल टाकू नये.

ऊन गेलं मुशाफिरी
आलं तळव्यात ठसून
माझ्या धन्याला आणलं
गुरुजी भावानं उठून

घरघर चालू राहिली. आत सिद्रामप्पांनी पूजा आवरून लिंग डबीत ठेवलं आणि ते वळले. मला पाहिलं. डावा तळहात अजून समोरच होता. मधोमध एक गोल, गुळगुळीत, नव्या कातडीचा गुलाबी डाग. त्यांनी मूठ मिटली नाही. मीही नजर वळवली नाही.

"या की गुरुजी," ते म्हणाले. "उभं का?"

"बसतो," मी म्हटलं.

त्यांनी त्याच हातानं विभूतीचं बोट माझ्या कपाळाला लावलं. हिशेब झाला, चहा झाला. विचारायचं ते मी विचारलं नाही. निघताना नागम्मांनी एक पुडी हातात दिली, शेंगांची चटणी. "तिखाट हाय," म्हणाल्या. "सोसंल तुमाला."

बाहेर वैशाख पेटला होता. डांबर चपलेला धरू बघत होतं. कोपऱ्यावर पानवाल्यानं मला येताना पाहिलं, शेजारच्या दोघांना कोपरानं ढोसलं आणि चुना लावता लावता विचारलं, "काय गुरुजी, सोसतंय का ऊन?"

मी छत्री उघडली.

"न्हाय बा," मी म्हटलं. "लई कडक हाय."